तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : हॉकीचा कॅप्टन अन् त्याचं राज्य

मागच्या अंकात भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक हॉकी गोल्डवर चार ओळी लिहिल्या होत्या अन् त्यात "त्या टीमचा कॅप्टन पुढं राजकारणी झाला" एवढंच टाकून सोडून दिलं होतं. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकी सगळे बाजूला ठेवले, रेशन कार्डवाले अन् मालमत्ता करवाले पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

भाऊ, तुमच्या त्या वाक्यावरून आमच्या घरी जेवताना वाद झाला. मुलगा म्हणते 1928 चा कॅप्टन ध्यानचंद होता, मी म्हणतो नव्हता. जो कोणी होता तो राजकारणात कसा आला, आमदार होता की खासदार, सगळं नीट सांगा. (एक वाचक, प्रतापनगर)

तुम्ही जिंकले. ध्यानचंद त्या टीममधला सगळ्यात भारी प्लेयर, ॲमस्टरडॅमला भारताचे एकूण 29 गोल झाले त्यातले 14 त्याचे, अन् आपल्यावर एकही गोल झाला नाही, पण कॅप्टन म्हणून नाव होतं जयपालसिंह मुंडांचं. ध्यानचंद ऑलिम्पिकमध्ये कॅप्टन झाले ते 1936 ला, बर्लिनला. मुलाला सांगा की त्याची चूक अर्ध्या देशाची चूक आहे.

आता हे जयपालसिंह कोण. जन्म 3 जानेवारी 1903, आताच्या झारखंडात खुंटीजवळ टकरा नावाचं गाव आहे तिथला, मुंडा आदिवासी घरातला. रांचीच्या सेंट पॉल्स शाळेत मिशनऱ्यांच्या नजरेत भरला, तिथल्या इंग्रज प्रिन्सिपॉलनं त्याला विलायतेला नेलं, अन् हा पोरगा ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजातून इकॉनॉमिक्स घेऊन पास झाला. हॉकीत फुलबॅक, म्हणजे मागं राहून गोल वाचवायच्या जागी, खेळायचा, डोकं शांत, टॅकल साफ, हिट लांब, अन् ऑक्सफर्डचा हॉकी ब्लू, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान, मिळवला, जो तेव्हा कोण्या हिंदुस्थानी पोराला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट. त्यावर कडी म्हणजे आयसीएसमध्येही सिलेक्शन झालं. आयसीएस म्हणजे आजच्या आयएएसचा बाप, आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले ते मोठमोठे बंगले ज्या साहेबांसाठी बांधले तीच नोकरी.

मग 1928 आलं. ट्रेनिंग सुरू होती, टीमचा कॅप्टन व्हायचं बोलावणं आलं, यांनी सुट्टी मागितली, सरकारनं दिली नाही, अन् हे सुट्टीशिवायच निघून गेले ॲमस्टरडॅमला. परत आल्यावर सांगण्यात आलं की आता ट्रेनिंगचं एक वर्ष वाढवून करा. यांनी नोकरीच सोडली. आजच्या काळात घरी पोरानं असं केलं तर आईबाप वर्षभर बोलणार नाहीत.

पुढची दहा वर्षं जरा इकडेतिकडेच गेली. बर्मा शेल कंपनीत नोकरी, मग आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आताच्या घानात, मास्तरकी, अन् मग रायपूरच्या राजकुमार कॉलेजात. इथं आपला जरासा संबंध येतो, रायपूर तेव्हा सीपी अँड बेरारमध्ये, म्हणजे मध्य प्रांत अन् वऱ्हाडात, होतं अन् त्याची राजधानी आपलं नागपूर. त्या कॉलेजात संस्थानिकांची पोरं शिकायची, अन् त्यांना शिकवायला एक मुंडा आदिवासी, ऑक्सफर्डवाला, ऑलिम्पिक कॅप्टन. मला तर या माणसाच्या आयुष्यातली हीच गंमत सगळ्यात जास्त आवडते. नंतर बिकानेर संस्थानातही मोठ्या पदावर होते.

तिथपर्यंत राजकारणाचा काही विषय नव्हता. 1939 ला रांचीला आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले अन् तिथून गाडी वळली. लोकं ऐकायला आली ती काही हॉकीमुळं नाही हे लक्षात घ्या, छोटानागपूरच्या जंगलात ॲमस्टरडॅम कोणाला माहीत होतं, लोकांना हे दिसलं की आपल्यातला एक माणूस साहेबांच्या इंग्रजीत साहेबांशीच भांडू शकतो अन् जमिनीबद्दल, जंगलाबद्दल, बाहेरून आलेल्या सावकारांबद्दल बोलून राहिला. 1946 ला बिहारमधून संविधान सभेत गेले. 19 डिसेंबर 1946 चं त्यांचं भाषण मिळालं तर जरूर वाचा. त्यात ते सरळ म्हणतात की मी जंगली आहे अन् त्याचा मला अभिमान आहे, अन् तुम्ही आदिवासींना लोकशाही काय शिकवता, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिका. समोर नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू, सगळे दिग्गज बसलेले अन् हा माणूस न घाबरता बोलतो. पुढं दारूबंदीचं कलम आलं तेव्हाही उभे राहिले की आदिवासींच्या पूजेत तांदळाची दारू लागते, तुम्ही त्यांच्या धर्मातच हात घालून राहिले. आपल्याकडं गडचिरोलीत, मेळघाटात मोहाच्या दारूचं काय स्थान आहे ते ज्याला माहीत त्याला हा मुद्दा लगेच समजेल, पटो ना पटो.

1950 ला वेगळ्या झारखंड राज्याच्या मागणीसाठी झारखंड पार्टी काढली. 1952 च्या पहिल्याच निवडणुकीत बिहार विधानसभेत 32 आमदार आणले अन् मुख्य विरोधी पक्ष झाले, निशाणी कोंबडा. स्वतः 1952 पासून थेट मरेपर्यंत लोकसभेत होते, 20 मार्च 1970 ला गेले. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर खासदार, पण माणूस पूर्ण राज्याच्या राजकारणाचा, दिल्लीत बसून डोळा रांचीवर. 1963 ला पार्टी काँग्रेसमध्ये विलीन केली, थोडे दिवस बिहारमध्ये मंत्रीही झाले, अन् तिथंच गणित बिघडलं. त्याचं पुढं येतेच, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देताना ते टाळता येत नाही.

ॲमस्टरडॅमला फायनलच्या आधीच हे टीम सोडून गेले असं आम्ही जुने हॉकीवाले ऐकत आलो. मग कॅप्टन कसले? (एक वाचक, सदर)

बरोबर ऐकलं. साखळीच्या मॅचेसमध्ये कॅप्टन होते, टीमच्या इंग्रज मॅनेजरशी बिनसलं अन् फायनलला नव्हते. 26 मे 1928 च्या फायनलला एरिक पिनिगर यांनी टीम सांभाळली. फिरोज खान जखमी, शौकत अली आजारी, ध्यानचंद स्वतः तापात, तरी हॉलंडला त्यांच्याच घरी 3-0 नं हरवलं.

आता कॅप्टन कसले म्हणाल तर माझं मत सांगतो, न पटलं तर लिहा. टीम बांधणं, बरेच अँग्लो-इंडियन प्लेयर अन् बाकीचे यांना एका रांगेत उभं करणं हे काम फायनलच्या दिवशी होत नसते, ते आधी झालेलं असते. पण हेही खरं की या माणसाला एखाद्यासोबत पटलं नाही की उठून जायची सवय होती, आयसीएस सोडली तशीच फायनल सोडली. नोकरी सोडली तर एकट्याचं नुकसान, फायनल सोडली तर टीम सांभाळून घेते, पण पार्टीच्या अध्यक्षानं पार्टी सोडली म्हणजे मागं उभे असलेले हजारो लोक कुठं जाणार? 1963 ला तेच झालं असं मला वाटते. स्वभाव एकच, फक्त किंमत दर वेळी वाढत गेली.

बाहेरच्या देशात हॉकीवाले नेते आहेत का? कॉलेजच्या क्विझसाठी पाहिजे, शॉर्टमध्ये सांगा. (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

शॉर्टमध्येच सांगतो. कॅनडात आइस हॉकीवाले पाहा, तिथं प्रांताची विधानसभा वेगळी असते. सिल ॲप्स, टोरंटो मेपल लीफ्सचा कॅप्टन, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बांबू उडीतही उतरला होता, तो 1963 ते 1975 ऑन्टारिओ विधानसभेत किंग्स्टनचा आमदार होता अन् मध्ये तुरुंग सुधारणा खात्याचा मंत्री. लायोनेल कोनाकर हा दुसरा, तोही आधी ऑन्टारिओच्या विधानसभेत, नंतर खासदार. आपल्या पद्धतीची हॉकी पाहिजे असेल तर पाकिस्तानचे कासिम झिया, 1984 लॉस एंजलिसचं गोल्ड, पुढं त्यांच्या पंजाब विधानसभेत विरोधी पक्षनेते. क्विझमध्ये "आइस" शब्द विसरू नको, नाहीतर कोणीतरी ऑब्जेक्शन घेते.

झारखंड झालं, छत्तीसगड झालं, तेलंगणाही झालं, आमचं विदर्भ काऊन नाही होऊन राहिलं? जयपालसिंहांसारखा एखादा माणूस आपल्याकडं झाला असता तर? (एक वाचक, महाल)

हा प्रश्न येणार हे माहीतच होतं, नागपुरात कोणत्याही विषयावर लिहा, तिसऱ्या पत्रात विदर्भ येतेच.

पण यात एक गोष्ट आहे जी फार लोकांच्या ध्यानात नाही. 1953 ला फजल अली कमिशन बसलं, राज्य पुनर्रचना आयोग, अन् 1955 ला त्यांनी रिपोर्ट दिला. त्या एकाच रिपोर्टमध्ये झारखंडला नाही म्हटलं अन् विदर्भाला हो म्हटलं! झारखंडबद्दल त्यांचं म्हणणं साधारण असं की तिथल्या सगळ्यांची ही मागणी नाही, आदिवासी बहुसंख्य नाहीत, एक भाषा नाही. अन् आपल्याबद्दल म्हटलं की नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मिळून वेगळं राज्य व्हावं. ज्याला नाही म्हटलं त्याला 15 नोव्हेंबर 2000 ला राज्य मिळालं अन् ज्याला हो म्हटलं ते 1956 ला द्विभाषिक मुंबईत गेलं, 1960 ला महाराष्ट्रात, अन् राजधानीच्या बदल्यात आपल्याला मिळालं ते 1953 च्या नागपूर करारापायी होणारं हिवाळी अधिवेशन, म्हणजे डिसेंबरमध्ये काही दिवस मोर्चे, ट्रॅफिक बंद, अन् मग विधानभवनाला कुलूप.

माणसं आपल्याकडं नव्हती असं म्हणू नका. लोकनायक बापूजी अणे होते, 1962 ला नागपूरकरांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं ते विदर्भाच्याच नावावर. ब्रिजलाल बियाणी होते. जांबुवंतराव धोटे होते, ज्यांची सभा ऐकलेले म्हातारे अजून अंगावर काटा येते म्हणून सांगतात, 1971 ला नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकवर खासदार झाले. अन् 1980 ला तेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर त्याच नागपुरातून निवडून आले. आता हे जयपालसिंहांच्या 1963 शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडं वेगळ्या राज्याचा सगळ्यात मोठा आवाज शेवटी त्याच दिल्लीवाल्या पार्टीत गेला, अन् दोन्हीकडं कारणही सारखंच, आत राहून राज्य मिळवू.

मग फरक कुठं पडला? माझ्या मते नेत्यात नाही पडला, मागं जे उरलं त्यात पडला. झारखंडात जयपालसिंह गेल्यावरही मागणी मेली नाही, 1970 च्या दशकात शिबू सोरेन अन् बाकीच्यांनी झारखंड मुक्ती मोर्चा उभा केला, सावकारांच्या शेतातलं धान कापून आणायची आंदोलनं केली, गावागावात लोकं उभी राहिली, अन् मुख्य म्हणजे लोकांनी त्या मागणीला मतं दिली, दर निवडणुकीत, मग पाटणा असो की दिल्ली, कोणालाही सरकार बनवताना यांना मोजावं लागे. आपल्याकडं विदर्भ पाहिजे का विचारलं तर पानठेल्यावर सगळे हो म्हणतात, अन् मतदानाच्या दिवशी जात, पार्टी, उमेदवार, लाडका नेता हे सगळं पाहून झाल्यावर विदर्भ उरलाच तर उरला. भाजपनं तीन राज्यं केली 2000 ला, विदर्भाच्या बाजूनं तेही बोलत होते, पण महाराष्ट्रात सोबत शिवसेना होती अन् तिचा विरोध, मग कोण कशाला हात घालते. ज्याची मतं पेटीत नाही दिसत त्याच्यासाठी कोणी मित्रपक्ष तोडत नसते.

तेव्हा आपल्याकडं जयपालसिंह झाले असते तर, याचं उत्तर असं की एक सोडून तीन झाले.

माझा भाचा विद्यापीठाकडून हॉकी खेळला आहे, व्हीएचएच्या, म्हणजे विदर्भ हॉकी असोसिएशनच्या, ग्राउंडवर त्याला सगळे ओळखतात. आता म्हणते नगरसेवकाचं तिकीट पाहिजे, खेळाडू आहे म्हणून मिळेल. अधिवेशन आलं की आमदार निवासात चकरा मारते. त्याला काय सांगू? (एक मामा, मानकापूर)

मामा, आधी त्याला हे सांगा की खेळाडू म्हणून तिकीट मिळते, हे खोटं नाही. पेहोव्यातून 2019 ला संदीप सिंग आमदार झाले अन् हरयाणाचे क्रीडामंत्रीही, ते हॉकीतल्या ड्रॅग फ्लिकच्या, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवरच्या फटक्याच्या, नावावरच. आपल्या शेजारचं उदाहरण पाहिजे तर मध्य प्रदेशातलं बैतूल घ्या, मुलताईच्या पुढं गेलं की तेच. तिथून अस्लम शेर खान 1984 ला खासदार झाले अन् पुन्हा 1991 ला. माणूस भोपाळचा, वडील अहमद शेर खान 1936 च्या गोल्डवाल्या टीममधले, अन् हे स्वतः 1975 च्या वर्ल्ड कपचे. क्वालालंपूरला सेमी फायनल, मलेशियाविरुद्ध भारत एका गोलनं मागं, टाइम संपत आलेला, बेंचवर बसलेल्या अस्लमला आत पाठवलं, यानं गळ्यातल्या तावीजचं चुंबन घेतलं अन् पेनल्टी कॉर्नरवर बॉल आत मारला. पुढं एक्स्ट्रा टाइममध्ये मॅच जिंकली, फायनलला पाकिस्तानला 2-1 नं हरवलं. आपला आतापर्यंतचा पुरुष हॉकीचा एकच वर्ल्ड कप तो. असा गोल मारल्यावर नऊ वर्षांनी लोकांना नाव आठवते, यात नवल नाही. भाच्याचा विद्यापीठाचा गोल कोणाला आठवते ते त्यालाच विचारा.

अन् नाव मोठं असलं तरी भरवसा नाही. ओडिशाचे दिलीप तिर्की घ्या, 412 इंटरनॅशनल मॅच, तीन ऑलिम्पिक, 2004 ला कॅप्टन, सुंदरगड म्हणजे हॉकीची खाण अन् त्यांचा घरचा जिल्हा, स्वतः आदिवासी. 2012 ला राज्यसभेवर गेले ते ठीक, पण सुंदरगडमधून लोकसभेला 2014 ला पडले अन् 2024 लाही पडले, दोन्ही वेळा भाजपच्या जुएल ओरामांकडून. लोकं ग्राउंडवर टाळ्या वाजवतात, सह्या घेतात, सेल्फी काढतात अन् मत जिथं द्यायचं तिथंच देतात. आता ते हॉकी इंडियाचे अध्यक्ष आहेत, अन् मला विचाराल तर ती खुर्ची त्यांना जास्त शोभते.

ज्यानं खरंच राज्याच्या राजकारणात जम बसवला असा सध्याचा माणूस म्हणजे परगट सिंग. 1992 बार्सिलोना अन् 1996 अटलांटा, दोन ऑलिम्पिकमध्ये भारताचे कॅप्टन, तेही फुलबॅक. पण रिटायर झाल्यावर लगेच तिकीट नाही मागितलं, आधी पंजाबचे क्रीडा संचालक म्हणून काम केलं, फाइली, ग्राउंड, अनुदान, कोच यांच्या भानगडी पाहिल्या, अन् मग 2012 ला जालंधर कँटमधून अकाली दलाकडून आमदार. पुढं अकाली दलाशी बिनसलं, काँग्रेसमध्ये गेले, 2017 ला त्याच सीटवरून निवडून आले, 2021 ला थोड्या महिन्यांसाठी शिक्षण अन् क्रीडामंत्री, अन् 2022 ला आम आदमीची एवढी लाट आली की भलेभले वाहून गेले, हे तिथंच टिकले. पार्टी बदलली पण सीट नाही बदलली, हे भाच्याला दोनदा वाचून दाखवा. लोकांनी तिसऱ्यांदा निवडून दिलं ते 1992 च्या कॅप्टनसाठी नाही, जालंधर कँटमध्ये दिसणाऱ्या माणसासाठी दिलं.

आता नागपूरचं गणित. महापालिकेत 2017 ला 38 प्रभाग होते अन् 151 नगरसेवक, म्हणजे एक प्रभाग सोडला तर चार-चार जणांचं पॅनल. एका प्रभागात पन्नास-साठ हजार लोकं राहतात, त्यात हॉकी पाहणारे किती असतील ते मी नाही सांगत. चारमध्ये महिलांच्या जागा, एससी-एसटी-ओबीसीचं आरक्षण, मग जी एखादी ओपन सीट उरते तिच्यावर प्रभागातले सगळे दादा-भाऊ डोळा ठेवून. त्यात आमदार निवासात जाऊन सोफ्यावर बसल्यानं काही होत नाही, तिथं अधिवेशनात रोज शंभर भाचे बसलेले असतात, चहा पिऊन जातात.

त्याला म्हणा, आधी मतदार यादी घे अन् आपल्या प्रभागात फिर. मानकापूरला तर एवढं मोठं विभागीय क्रीडा संकुल आहे, तिथं आपल्या प्रभागातली किती पोरं खेळायला जातात, नाही जात तर काऊन नाही जात, फी परवडत नाही का, पोरींना संध्याकाळी परत यायला ऑटो मिळत नाही का, मोकळ्या प्लॉटवर स्टिक घेऊन खेळणाऱ्या पोरांना कोण हाकलून राहिलं, ते शोध. हे विषय असे आहेत की त्यात हॉकीवाल्याचं बोलणं लोकं ऐकून घेतील, ड्रेनेज अन् टॅक्सवर बोलायला दुसरे आहेतच. त्यातला एखादा विषय धरून त्यानं वर्षभर झोन ऑफिसच्या चकरा मारल्या, अर्ज दिले, पावत्या जपून ठेवल्या, अन् त्यानंतरही त्याला तिकीट पाहिजे असेल तर मला पुन्हा लिहा. त्या वेळी कोणाला भेटायचं ते नाव घेऊन सांगतो, छापणार मात्र नाही.